एरोड्रमवर नवीन लागलात? अडीअडचणीचा पैसा पगारातूनच बाजूला कसा काढायचा

दर सीझनला आपली पाच-सात मराठी पोरं-पोरी एरोड्रमवर लागतात, कोणी चेक-इन काउंटरला, कोणी रॅम्पवर विमानापाशी, कोणी कार्गोत (इंदूरची जुनी मंडळी एअरपोर्टला एरोड्रमच म्हणतात आणि मी पण आता जुन्यातच जमा झालोय), आणि पहिली सॅलरी स्लिप हातात आली की सगळ्यांचा एकच मेसेज, दादा हे वेलफेअरचे पाचशे कशाचे कापले? तेच तेच टाइप करून बोटं दुखली म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. लांब आहे, नाइटच्या ब्रेकमध्ये वाचा.

आधी माझी फजिती ऐका. डिसेंबर महिना, दिल्लीला धुकं, आमच्या सगळ्या फ्लाइट लेट, आणि रात्री साडेअकराला आईचा फोन, बाबांच्या छातीत दुखतंय. हॉस्पिटलवाले म्हणाले चाळीस हजार आधी भरा. माझ्या खात्यात सहा हजार दोनशे आणि पगार सात तारखेला. आमच्या एजन्सीचा तेव्हा ‘इमर्जन्सी फंड’ होता, दर महिन्याला स्लिपमध्ये कापला जायचा, म्हणून सुपरवायझरला फोन लावला, तर तो म्हणे अर्ज दे, हेड ऑफिसला पाठवतो, दहा-पंधरा दिवसांत होऊन जाईल. दहा-पंधरा दिवस! आईने हातातल्या पाटल्या काढून रुमालात बांधून दिल्या आणि मी गाडी काढून सरळ सराफ्यात. जन्म इंदूरचा, रात्री बारा वाजता सराफ्यात काय असतं ते काय मला माहीत नाही? पण डोकं चालतच नव्हतं हो. पुढे गराडूची कढई, रबडी, जिलबी, गर्दी, आणि मागे एकूणएक पेढीचं शटर खाली. खिशात पाटल्या घेऊन उभा आहे आणि एक जण विचारतोय, भिया, गराडू कितने के दूं? शेवटी मामाने मित्राकडून जमवून पैसे आणले तेव्हा पहाटेचे साडेतीन झाले होते. बाबा आता ठणठणीत आहेत. फंडाचं म्हणाल तर पुढच्या वर्षी ग्राउंड हँडलिंगचं कंत्राट दुसऱ्या एजन्सीकडे गेलं, जुनी म्हणाली नव्यांना विचारा, नवी म्हणाली आमच्याकडे काही आलंच नाही, चौदा महिन्यांचे माझे पैसे तिथेच संपले.

तेव्हापासून कोणतीही स्कीम आली की मी एकच गोष्ट आधी विचारतो, पैसा कुणाच्या नावावर राहणार? व्याज, बोनस, अ‍ॅप वगैरे सगळं त्याच्या नंतर.

मुळात ही भानगड काय आहे

मालकाने चालवलेली इमर्जन्सी सेव्हिंग स्कीम म्हणजे पगार तुमच्या हातात यायच्या आधीच त्यातला छोटासा तुकडा वेगळ्या खात्यात जातो, ते खातं तुमचं स्वतःचं असतं, कधीही काढता येतं, आणि कंपनी वरून थोडी भर घालते. अमेरिकेत डेल्टा एअरलाइन्सने २०२३ मध्ये असंच सुरू केलं, कर्मचाऱ्याने पैशांच्या नियोजनाचं थोडं शिक्षण घ्यायचं, कोचशी बोलायचं, स्वतः थोडे टाकायचे, आणि कंपनीकडून त्याच्या खात्यात हजार डॉलरपर्यंत जमा. खातं कर्मचाऱ्याच्याच नावाने, बाहेरच्या फायनान्स कंपनीत. तिथे २०२२ च्या शेवटी कायदाही झाला, २०२४ पासून मालकाला पेन्शनच्या खात्यालाच जोडून अडचणीचं छोटं खातं देता येतं, कर्मचाऱ्याने टाकायची मर्यादा सुरुवातीला अडीच हजार डॉलर, महिन्यातून एकदा तरी काढता आलंच पाहिजे आणि वर्षातल्या पहिल्या चार वेळा काढायला काही चार्ज लावायचा नाही. हे चार वेळा फुकट वालं मला फार आवडलं, कारण काढायला त्रास होतो म्हटलं की माणूस टाकतच नाही.

आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही. आपल्याकडे जे आहे ते तुकड्यातुकड्यांत आहे, पीएफ आहे, ईएसआयसी (आजारपणाचा सरकारी विमा) आहे, स्टाफची साख संस्था (म्हणजे पतसंस्था) आहे, कुठे वेलफेअर फंड आहे, कुठे पगारावर अ‍ॅडव्हान्स आहे, आणि एचआरवाला या सगळ्यालाच इमर्जन्सी सपोर्ट म्हणून मोकळा होतो. त्यातलं कोणतं खरंच आपलं ते आपल्यालाच ओळखायचंय.

आणि आपल्या धंद्यात हे जास्त लागतं, कारण एअरलाइन हळूहळू बंद होत नाही. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट १७ एप्रिल २०१९ ला थांबली आणि तिथल्या लोकांचे पगार त्याच्या आधीपासूनच अडकलेले होते, गो फर्स्टने मे २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि उड्डाणं लगेच बंद. कोविडमध्ये २५ मार्च ते २५ मे २०२० देशातली पॅसेंजर विमानं पूर्ण बंद होती. एवढं मोठं काही झालं नाही तरी मार्चच्या शेवटच्या रविवारी समर शेड्यूल आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी विंटर शेड्यूल लागतं, त्यात इंदूरच्या दोन फ्लाइट कमी झाल्या की ओव्हरटाइम गेला, आणि आपण गाडीचा हप्ता तर ओव्हरटाइम धरून घेतलेला असतो.

पहिलं काम: स्लिप घेऊन बसा

पहिल्या तीन महिन्यांच्या स्लिपा डाउनलोड करा आणि कपातीची प्रत्येक ओळ वाचा. पीएफ असेल, तो बेसिकच्या १२ टक्के तुमचा. मालकही १२ टक्के भरतो पण त्यातले ८.३३ टक्के पेन्शनमध्ये जातात (जास्तीत जास्त १,२५० रुपये), उरलेलेच तुमच्या पीएफला. ग्रॉस पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआयसीचे ०.७५ टक्के दिसतील, त्यावर कुरकुर करू नका, आजारपणात सुट्टी लागली तर नियमात बसणाऱ्याला पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतात, आणि नंदानगरचं ईएसआयसी हॉस्पिटल आपल्यासाठीच आहे. माझ्या टीममधल्या एकाने तीन वर्षं कार्डच काढलं नव्हतं, पैसे मात्र कापले जात होते.

यानंतर ज्या ओळी उरतात, वेलफेअर, फंड, सोसायटी, युनिफॉर्म डिपॉझिट, त्यातल्या प्रत्येकीबद्दल एचआरला मेल करा. तोंडी नको. मेलमध्ये विचारायचं, हा पैसा कोणत्या खात्यात जातो, खातं कुणाच्या नावाने आहे, मला हवा तेव्हा किती दिवसांत मिळतो, मी नोकरी सोडली किंवा कंत्राट बदललं तर कोण परत करणार. चौथ्याचं उत्तर आलं नाही किंवा ‘पॉलिसीप्रमाणे’ असं आलं तर समजून जा, तो पैसा गेला म्हणूनच धरा आणि पर्यायी असेल तर लेखी देऊन बंद करा. जॉइनिंगच्या दिवशी ज्या वीस कागदांवर सह्या करतात त्यातच कपातीची संमती असते, म्हणून त्या कागदांचे फोटो ठेवत जा. मी ठेवले नव्हते.

नाव एवढं का महत्त्वाचं तेही सांगतो. कंपनी दिवाळखोरीत गेली की कंपनीच्या खात्यातला पैसा सगळ्या देणेकऱ्यांमध्ये वाटला जातो, तिथे बँका असतात, विमान भाड्याने देणारे असतात, तेलवाले असतात, आणि तुमचा वेलफेअर फंड कंपनीच्याच खात्यात पडलेला असेल तर तुम्हालाही त्या लाइनीत उभं राहावं लागू शकतं. पीएफचं तसं नाही, कायद्याने पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे पैसे त्या वाटपाच्या बाहेर ठेवलेत, जेटच्या कर्मचाऱ्यांच्या पीएफ-ग्रॅच्युइटीचा मुद्दा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि जानेवारी २०२३ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. पण तारखा बघा ना, कंपनी थांबली २०१९ ला. हक्काचा असून चार वर्षं वाट बघायची तर त्या पैशाला अडचणीचा पैसा कसा म्हणायचं.

साख संस्था असेल तर

काही जुन्या कंपन्यांमध्ये स्टाफची साख सहकारी संस्था असते, मध्यप्रदेशच्या १९६० च्या सहकारी कायद्याखाली नोंदवलेली, महिन्याला पाचशे-हजार कापतात, डिव्हिडंड देतात, दिवाळीला भेटवस्तू देतात, सगळं छान. मी पण मेंबर आहे आणि मुलीच्या अ‍ॅडमिशनला तिथलंच कर्ज घेतलं. पण आतली गंमत समजून घ्या. तुम्ही टाकलेला पैसा पेटीत पडून नसतो, तो तुमच्याच बाजूच्या काउंटरवाल्याला कर्ज म्हणून दिलेला असतो, आणि त्याचा हप्ता त्याच्या पगारातून कापून येतो. आता पगारच थांबले तर? हप्ते त्याच दिवशी बंद, आणि ठेव काढायला सगळे एकदम दारात. जामीनदारही त्याच कंपनीचे, म्हणजे तेही घरी बसलेले. एरवी भरवशाची असलेली संस्था नेमकी त्याच दिवशी अडकते ज्या दिवशी सगळ्यांना ती लागते.

दुसरं म्हणजे पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकांतल्या ठेवींना असतो, सहकारी बँकांना पण असतो, साख संस्थेला नसतो. आणि अनिवार्य ठेव सहसा मेंबरशिप सोडल्यावरच परत मिळते, मधे लागले तर तिच्यावर कर्ज देतात, म्हणजे स्वतःच्याच पैशावर व्याज भरा. म्हणून संस्थेत जरूर राहा, कर्जासाठी ती सावकारापेक्षा आणि मोबाइलवरच्या लोन अ‍ॅपपेक्षा हजार पटीने बरी, फक्त घरातले एकूण अडचणीचे पैसे तिथे ठेवू नका.

आईच्या बीसीचंही (म्हणजे भिशीचंही) तसंच आहे. बीसीचा नंबर लागेल तेव्हा पैसा, दुखणं काय नंबर बघून येतं का.

पीएफ आहे ना, मग कशाला?

हे मला प्रत्येक नवीन पोरगं विचारतं. पीएफमधून आजारपणासाठी अ‍ॅडव्हान्स मिळतो, ऑनलाइन फॉर्म ३१ भरायचा, आणि २०२५ पासून पाच लाखांपर्यंतचे अ‍ॅडव्हान्स क्लेम ऑटो सेटलमेंटमध्ये घेतलेत, म्हणजे सगळं जुळत असेल तर साधारण तीन दिवसांत. पण ‘सगळं जुळत असेल तर’ हीच मेख आहे. आधारवर नाव एक, पीएफवर दुसरं, वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच, बँक खातं केवायसीत जुनं. आणि आपल्याकडे एजन्सी बदलली की यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच राहतो पण मेंबर आयडी नवीन होतो, जुन्या एजन्सीने डेट ऑफ एक्झिटच टाकलेली नसते, ट्रान्सफर लटकतं. म्हणून पीएफचं काम आजच करा, गरज नसताना: यूएएन लॉगिन, केवायसी हिरवं आहे का, प्रत्येक जुन्या नोकरीची एक्झिट डेट आहे का, नॉमिनी भरला का. एक रविवार जाईल.

आणि तरी पीएफ हा शेवटचा दरवाजा. त्यावर २०२४-२५ चं व्याज ८.२५ टक्के होतं, एवढं सेव्हिंगमध्ये कोणी देत नाही, आणि नोकरीची पाच वर्षं व्हायच्या आत पीएफ पूर्ण काढून घेतला तर टॅक्सचंही झेंगट होतं. टायर पंक्चर झालं म्हणून घर विकायचं नसतं.

पगारावर अ‍ॅडव्हान्स देणारी अ‍ॅप काही एजन्सींनी आणलीत, बारा दिवस काम केलं की त्याचा पगार आधी उचला म्हणतात. तो तुमचाच पुढच्या महिन्याचा पैसा आहे, बचत कुठली. एकदा उचलला की सात तारखेला पगार अर्धा, मग परत उचला. फी बघा आणि शक्यतो हात लावू नका.

खातं कुठे उघडायचं

सॅलरी अकाउंट सोडून दुसऱ्या बँकेत, साधं सेव्हिंग खातं. कारणं दोन. सॅलरी अकाउंट झिरो बॅलन्स असतं ते पगार येतो तोवर, काही महिने पगार आला नाही की बँक त्याला साधं खातं करते आणि बऱ्याच बँकांत मिनिमम बॅलन्सचा दंड सुरू, म्हणजे नोकरी गेल्यावर वरून हे. दुसरं, ज्या बँकेचं कर्ज किंवा क्रेडिट कार्ड आहे तिथेच बचत ठेवली आणि हप्ते थकले, तर बँक त्या बचतीतून वळते करून घेऊ शकते. म्हणून कर्ज एकीकडे, अडचणीचा पैसा दुसरीकडे. या दुसऱ्या खात्याचं यूपीआय फोनमध्ये जोडू नका (हो, मुद्दाम), नाहीतर ५६ दुकानवर, आपल्या इंदूरच्या खाऊगल्लीत, शुक्रवारी संध्याकाळी त्याचं काय होतं ते मी पाहिलंय. डेबिट कार्ड मात्र घ्या आणि घरात ठेवा, रात्री दोन वाजता हॉस्पिटलच्या काउंटरवर तेच चालतं. पिन घरातल्या एका माणसाला माहीत पाहिजे, तुम्ही स्वतःच स्ट्रेचरवर असलात तर?

पहिले दहा-पंधरा हजार असेच सेव्हिंगमध्ये. त्यावरचे ऑनलाइन मोडता येणाऱ्या आरडीत किंवा एफडीत, मोडल्यावर व्याज थोडं कमी मिळतं, मिळू दे. लिक्विड फंडही (म्युच्युअल फंडाचा एक प्रकार) चालतो, बऱ्याच फंडांत ५० हजार किंवा शिलकीच्या ९० टक्के, यातलं जे कमी असेल तेवढं लगेच खात्यात येतं. सोनं मी इमर्जन्सीत धरत नाही. का ते वर सांगितलंय.

किती?

सहा महिन्यांचा पगार साठवा असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ते वाचूनच नवीन माणूस सोडून देतो. आमच्या काउंटरवरच्या एका पोरीचा हिशेब बघा, हातात २२ हजार. रूमचा वाटा ४,५००, रेशन ३,५००, पेट्रोल १,५००, मोबाइल ३००, आईची औषधं १,२००, गाडीचा हप्ता २,८००. झाले १३,८००. तीन महिन्यांचे ४१,४००. महिन्याला १,५०० टाकले तर दोन वर्षांच्या वर लागतात, म्हणून तिला म्हटलं आधी फक्त दहा हजार, सात महिन्यांत होतात. बहुतेक अडचणी तेवढ्यातच मावतात, गाडीचं इंजिन, दाताचं रूट कॅनल, गावाला अचानक जाणं. त्यानंतर १३,८००, मग जमेल तसं तीन महिने. दिवाळीचा बोनस आला की अर्धा तिकडे, आणि विंटर शेड्यूलमध्ये ओव्हरटाइम वाढला की वाढीव रक्कम तिकडे, बेसिकला हात लावायचा नाही. तिने अकरा महिन्यांत २१ हजार केले, माझ्यापेक्षा फास्ट.

पगार सातला येत असेल तर आठ तारखेची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावा, म्हणजे बँक आपोआप पैसे दुसऱ्या खात्यात टाकते. दहाची नको, दहापर्यंत काही उरत नाही.

काढायचा कधी, तर ज्याची वाट बघता येत नाही आणि जे आधी माहीत नव्हतं त्यासाठी. चुलत भावाचं लग्न सहा महिने आधीपासून माहीत असतं, ती इमर्जन्सी नाही, आत्याला राग आला तरी. आणि खरंच लागले तर लाज न बाळगता काढा, ते त्यासाठीच आहेत, फक्त पुढच्याच आठ तारखेपासून परत चालू करा, दोनशेने का होईना.

कंपनीला मागा पण

शेवटचं काम, आणि हे एकट्याने करू नका, पंधरा-वीस जणांच्या सह्यांनी करा. बऱ्याच पेरोल सॉफ्टवेअरमध्ये पगार दोन खात्यांत विभागून टाकायची सोय असते, एचआर सांगत नाही कारण कोणी विचारत नाही. अर्जात फार काही लिहायचं नसतं: ‘माझ्या मासिक पगारातील १,५०० रुपये माझ्या स्वतःच्या नावे असलेल्या पुढील बचत खात्यात जमा करावेत व उर्वरित रक्कम सध्याच्या खात्यात. ही सूचना मी लेखी रद्द करेपर्यंत लागू राहील.’ खाली दुसरी ओळ टाका की कंपनीने प्रत्येक सहभागी कर्मचाऱ्याच्या त्याच खात्यात महिन्याला दोनशे रुपये भर घालण्याचा विचार करावा. हसतील. आमच्याकडे पण हसले, भर अजून दिलेली नाही, पण पगार विभागून टाकायला तिसऱ्या महिन्यात हो म्हणाले. हेड ऑफिसला अर्ज हिंदी किंवा इंग्लिशमध्ये लागतो, तसा करून घ्या, आणि दुसऱ्या खात्याचा कॅन्सल चेक जोडायला विसरू नका, माझा पहिला अर्ज त्यापायीच परत आला होता.